लाल जास्वंदीचा करडा फोटो

कोकणातल्या सावर्ड्यात माणसानं कोणताही छंद करावा. भजनाला बसावं, क्रिकेटच्या स्पर्धा भरवाव्यात, आंब्याची कलमं बांधावीत, नमनात सोंग घ्यावं. गाव हौसेनं सामील होतं, वर्गणीसुद्धा देतं. पण काळ्यापांढऱ्या फोटोंचा छंद लागलाय असं सांगून बघा. गाव आधी तुमच्या तोंडाकडे बघतं, मग कॅमेऱ्याकडे बघतं आणि काळजीनं विचारतं, "रंगाचं काय बिघडलंय का त्यात?"

गावाला दोष देता येत नाही. इथली जमीन जांभ्याची, म्हणजे तांबडी. पावसाळ्यात शाळेत गेलेल्या पोराचे पांढरे मोजे संध्याकाळी घरी येतात ते जन्मभर तांबडे होऊनच. डोंगर हिरवा, आणि त्या हिरव्यातही भाताच्या तरव्याचा वेगळा, काजूचा वेगळा, केळीचा वेगळा. सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय गावातच असल्यामुळे वळणावळणावर मुलं-मुली मांडीवर बोर्ड घेऊन जलरंगात निसर्गचित्रं काढत बसलेली दिसतात. एकेका झाडासाठी चार-चार हिरवे कालवत असतात बिचारी. त्यावर कडी म्हणजे कात. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून कात काढायचा धंदा सावर्ड्याचा जुना. हाच कात चुन्याला भेटला की विडा रंगतो. ज्या गावानं लोकांची तोंडं लाल करायचं कंत्राट घेतलंय, त्याच गावात बसून फोटोतला लाल रंग काढून टाकायचा, ही उघड उघड फितुरी झाली.

तरी खरी अडचण रंगाची नाही, भिंतीची आहे. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात ओटीवरून माजघरात जाताना दाराच्या वर ओळीनं फोटो लावलेले असतात. काळी टोपी, गळाबंद कोट, टोकदार मिशा. शेजारी नऊवारीतल्या, कॅमेऱ्याला घाबरून डोळे वटारलेल्या आजी. सगळे काळेपांढरे आणि सगळे वारलेले. रंगीत फोटोतली माणसं खाली चहा पीत असतात. लहानपणापासून हेच बघत आल्यामुळे लोकांच्या मनात नियम पक्का बसलाय: फोटोतला रंग गेला म्हणजे माणूस गेला. तेव्हा काळ्यापांढऱ्यासाठी एखाद्या म्हाताऱ्या बाईला "आत्या, जरा खिडकीपाशी बसा, उजेड छान आलाय" म्हटलं की आत्या सावध होतात.

"रंगीत हाय ना?"

"नाही आत्या, काळापांढरा. जुन्यासारखा."

"मग नको रं बाबा. भिंतीवरचा इतक्यात नको. अजून मी हाय."

सूनबाई मात्र आतून म्हणतात, "काढू द्या हो, पुढं उपयोगी पडेल." त्यानंतर त्या घरात आपल्याला चहा मिळणार की नाही, ते आत्यांना किती ऐकू येतं त्यावर.

हीच कथा फोनवर. आमच्या एका मेव्हण्यांनी परसातल्या तगरीचा फोटो काढला, काळापांढरा केला आणि पहाटे कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. फूल सुंदर होतं, कडेला दव होतं, मागचा अंधारही चांगला साधला होता. पाच मिनिटांत डोंबिवलीहून एका भाच्यानं "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. मग चौघांनी हात जोडले. एकानं "देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो" असं लिहून कर्तव्य संपवलं. शेवटी पुण्याच्या मावशींनी फोन करून दबक्या आवाजात विचारलं, "कोण रे?"

काळ्यापांढऱ्याच्या बदनामीत भिंतीच्या खालोखाल हात आहे तो मतदार ओळखपत्राचा. टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत, 1993 पासून, फोटोचं ओळखपत्र आलं आणि करोडो माणसांना आपला एक काळापांढरा फोटो घरबसल्या मिळाला. तो बघून बहुतेकांनी या कलेशी कायमची फारकत घेतली. जगात काळ्यापांढऱ्या व्यक्तिचित्रांची एवढी मोठी मोहीम दुसरी निघाली नसेल आणि चित्रातल्या व्यक्तींनी ती एवढ्या निष्ठेनं पाकिटाच्या मागच्या कप्प्यात लपवलीही नसतील.

वास्तविक पूर्वी हा छंद नव्हताच, नाइलाज होता. ज्याच्या घरात अॅग्फा क्लिक थ्री असे तो आळीचा अधिकृत छायाचित्रकार. 120 चा रोल घातला की 12 फोटो निघत. त्या 12 मध्ये लग्न, मुंज, नवी म्हैस आणि मुंबईहून आलेले दीर एवढं सगळं बसवायचं. रोल ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू', नाहीतर पूर्व जर्मनीहून आलेला 'ऑर्वो'. एक बटण दाबायच्या आधी अख्खं घर श्वास धरून उभं राही. आता आपण त्याला शिस्त वगैरे म्हणतो. तेव्हा तो फक्त रोलच्या किमतीचा धाक होता. लोकांना हवा होता रंगच. म्हणून स्टुडिओवाले काळापांढरा फोटो धुऊन झाल्यावर बारीक कुंचल्यानं गालांवर गुलाबी, साडीवर हिरवा आणि बांगड्यांवर पिवळा रंग भरून देत आणि त्याचे वेगळे पैसे लावत.

आज उलटी गंगा आहे. फोन रंग फुकट देतो आणि आम्ही तो काढून टाकायला पैसे मोजतो. लायका या जर्मन कंपनीनं 2012 मध्ये असा डिजिटल कॅमेरा काढला की ज्यात रंगीत फोटो निघतच नाही. किंमत काही लाख रुपये. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी असते. ती काढून टाकली की उजेड जास्त पोचतो आणि चित्र जास्त कातीव येतं, हे त्यामागचं शास्त्र. आमच्या पानटपरीवर हे समजावून सांगितल्यावर एकच प्रश्न आला: "म्हणजे त्यातली एक वस्तू कमी केली. मग स्वस्त नको व्हायला?" या प्रश्नाचं उत्तर लायकाकडेही असेल असं वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. रंग गेल्यावर उरतं काय? उजेड. फोन किंवा संगणक रंगीत फोटोचा काळापांढरा करतो तेव्हा तो दूरचित्रवाणीच्या जमान्यापासून चालत आलेला एक हिशेब लावतो: उजळपणाच्या शंभर हिश्श्यांपैकी हिरव्याला 59, लालला 30 आणि निळ्याला 11. कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ दिसतो. वाटणी ऐकून कोकणी माणूस सुखावतो. पहिल्यांदाच कुठल्या तरी वाटपात आपल्याला जास्त आलंय. पण याच हिशेबात घात आहे. भडक लाल जास्वंद आणि तिच्यामागचं गडद हिरवं पान, यांना हे गुणक लावले की दोघांची बेरीज जवळजवळ एकच येते. डोळ्यांना जे झाड पेटल्यागत दिसत होतं, ते फोटोत सपाट करडं होतं. फूल कुठं संपलं आणि पान कुठं सुरू झालं, ते फक्त मुंगीला कळेल.

यावर उपाय फिल्टरचा. भिंगापुढे लाल काच लावली की ती लाल उजेड आत सोडते आणि हिरवा-निळा अडवते. जास्वंद उजळते, पान काळवंडतं, आभाळ गडद होऊन ढग उठून दिसतात. हिरवी काच लावली की उलट, पान उजळ आणि फूल काळं. म्हणजे एकाच झाडावर एकाच सकाळी पांढरी जास्वंदही फुलवता येते आणि काळीही. छंदिष्टाला यात परमानंद होतो. घरातल्या आजींना होत नाही. लाल फिल्टरनं काढलेला फोटो हातात घेऊन आजी म्हणतात, "ही पांढरी कुठनं आणलीस? गणपतीला तांबडी लागते." त्यांना फिल्टरचं गणित समजावण्यात अर्थ नसतो, कारण तोवर त्यांनी परसात जाऊन खरी तांबडी फुलं तोडलेली असतात आणि आपलं उद्याचं मॉडेल देवघरात गेलेलं असतं.

हापूसची तर याहून वाईट गत. हिरवा कच्चा आंबा आणि केशरी पिकलेला आंबा, दोन्ही काळ्यापांढऱ्यात सख्खे भाऊ. बागायतदारानं मुंबईच्या गिऱ्हाइकाला असा फोटो पाठवला तर गिऱ्हाईक "आढीत घालायचे का?" एवढं विचारून दुसऱ्याकडे जाईल. आंब्याचा धंदा रंगावर आणि वासावर चालतो. त्यातला एक काढून टाकल्यावर आणि दुसरा फोटोत मुळात नसल्यावर, उरतो तो अंडाकृती गोळा.

पण म्हणून बागेत काळ्यापांढऱ्याचं काम नाही, असं मुळीच नाही. उलट आपल्या अख्ख्या सिनेमाचा उगम एका कुंडीत आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर तो कॅमेरा रोखून रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. 'अंकुराची वाढ' असं तिचं नाव. ती बघून पैसेवाल्यांचा विश्वास बसला आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. या सगळ्या काळात घरातल्या कुणी तो वाटाणा उपटून उसळीत टाकला नाही, हे भारतीय चित्रपटसृष्टीवरचे थोर उपकार आहेत. आमच्याकडे कुंडीतली मिरची पूर्ण वाढेपर्यंत टिकत नाही, मग तिचं चित्रण कुठलं?

मिरचीवरून आठवलं. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन नावाच्या छायाचित्रकारानं 1930 च्या ऑगस्टमध्ये एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, म्हणजे उजेड चारी बाजूंनी अंगावरून फिरावा, आणि मिनिटांच्या हिशेबात शटर उघडं ठेवलं. तो फोटो 'मिरची क्रमांक 30' म्हणून जगात गाजला. वळणं अशी की मिरची आहे हे विसरून एखाद्या पैलवानाची पाठ बघतोय असं वाटावं. क्रमांक 30 आहे म्हणजे आधी कितीतरी मिरच्या झाल्या. आपल्याकडे कुणी स्वयंपाकघरातलं नरसाळं नेलं, भाजीतली मिरची नेली आणि दुपारभर दोघांना एकत्र बसवून ठेवलं, तर पहिल्याच मिरचीला आतून आवाज येतो: "अहो, भाजी टाकायचीय. झालं का तिचं कौतुक?"

सावर्ड्यातल्या परसात वेस्टनला मिरचीची गरजच पडली नसती. इथे फणस आहे. काळ्यापांढऱ्या फोटोसाठी देवानं जी काही झाडं निर्माण केली, त्यांत फणसाचा नंबर पहिला. त्याला रंगाचा गर्व नाही. दुपारी तीनचा तिरका उजेड खोडावर पडला की फणसावरचा एकेक काटा आपली सावली घेऊन उभा राहतो. वरच्या बाजूला पांढरा ठिपका, खाली काळी किनार, मध्ये चार-पाच प्रकारचे करडे. फणस हलत नाही. केस नीट करून येतो म्हणत नाही. फोटो झाल्यावर "दाखव बघू, पोट दिसतंय का?" असं विचारत नाही. त्याच्या खालोखाल अळूचं पान. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला की तो पसरत नाही, गोळी होऊन बसतो, आणि त्या गोळीत अख्खं आभाळ उलटं दिसतं. मग उजेडाच्या बाजूनं धरलेलं केळीचं पान, त्यातल्या शिरा. मग जांभ्याचा गडगा, त्याची भोकं आणि त्यावरचं शेवाळ. हे सगळं फुकट मिळतं आणि देवालाही लागत नाही.

दयाळ पक्षी तर जन्मतःच काळापांढरा. तो तारेवर बसून शीळ घालतो तेव्हा फिल्टरही नको आणि संगणकही नको. फक्त त्यानं बसून राहायला हवं, आणि तेवढं सोडून तो सगळं करतो.

प्रवासात या छंदाचे वेगळे भोग. कोकण रेल्वेनं सावर्ड्याहून रत्नागिरीला निघावं, पॅसेंजरची खिडकी मिळवावी, समोर दरी उघडावी, ऊन योग्य ठिकाणी पडावं, आपण कॅमेरा डोळ्याला लावावा आणि बोगदा यावा. या मार्गावर 90 च्या आसपास बोगदे आहेत. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. तेवढ्या वेळात शेजारचा प्रवासी विचारून घेतो की कॅमेरा केवढ्याचा, फोन असताना तो कशाला, आणि काळेपांढरे फोटो काढून मिळतं काय. बोगदा संपतो तेव्हा डोळे दिपतात, पुढचं सगळं पांढरं दिसतं. रेल्वेनं आपल्यापरीनं पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा दिलेला असतो. मधले करडे आपण शोधायचे.

खरे काळेपांढरे छंदिष्ट आणि प्रासंगिक काळेपांढरे यांतला फरक सहलीत कळतो. प्रासंगिक मनुष्य गणपतीपुळ्याला जातो, पन्नास फोटो काढतो. त्यातले जे हलले, जे तिरके आले, ज्यांत काकांचं डोकं कापलं, ते तो काळेपांढरे करतो आणि खाली "क्षण" असं लिहितो. रंगीत असता तर तो बिघडलेला फोटो होता. रंग काढल्यावर ती कला होते. चिपळूणच्या चौकापासून पॅरिसच्या पुलापर्यंत ही युक्ती चालते. खरा छंदिष्ट मात्र कुटुंबाला सोडून कसब्याच्या कर्णेश्वराच्या देवळात काळ्या दगडातल्या कोरीव कामाशी डोकं लावत बसतो, ऊन सरकायची वाट बघतो आणि इकडे गाडीत मुलं भुकेली, सासूबाई रुसलेल्या आणि ड्रायव्हरचं वेटिंग चालू. संध्याकाळी सगळे विचारतात, "आमचे फोटो कुठायत?" तर त्याच्याकडे एक खांब असतो. चांगला खांब असतो, पण खांबच.

महामार्गावरून गेलात तर मात्र हा सगळा खटाटोप करावा लागत नाही. चौपदरीकरणाच्या धुळीनं रस्त्याकडेची झाडं कित्येक उन्हाळे आपण होऊनच करडी झाली होती. रंगीत फोटो काढूनही तो काळापांढराच यायचा.

डिजिटलवाल्यांचं इथवर ठीक. ज्याला फिल्मची बाधा होते त्याचं घर वेगळ्याच वळणावर जातं. सावर्ड्यात रोल मिळत नाही, तो कुरियरनं येतो. धुण्याची सोय नसते, म्हणून न्हाणीघराची डार्करूम होते. खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीला गोधडी, वर झिरोचा लाल बल्ब, कारण छपाईच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही. बाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही मग काही दिसेनासं होतं, पण ते रागानं. फिल्म धुण्याचं डी-76 नावाचं औषध कोडॅकचं, 1927 पासूनचं. त्याचे सगळे तक्ते 20 अंश तापमानाचे. मे महिन्यात सावर्ड्याच्या टाकीतल्या पाण्यात डाळ भिजून शिजेल अशी अवस्था. म्हणून छंदिष्ट माठाला हात घालतो, मग फ्रिजमधल्या बर्फाला. त्या दिवशी पाहुण्यांना कोकम सरबत कोमट मिळतं आणि फिल्मला मात्र महाबळेश्वर.

इथेही फाळक्यांचं घर आठवावं. फिल्मला कडेनं भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके स्वतः करत. आमच्या छंदिष्टांच्या घरी एवढी अपेक्षा कुणी ठेवू नये. न्हाणीघर तासाभरासाठी मिळालं तरी संसार सुखाचा समजावा.

पण त्या तासात जे दिसतं ते एकदा बघण्यासारखं आहे. लाल उजेडात पांढरा कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडायचा आणि ट्रेचा एक कोपरा हळू उचलून पुन्हा ठेवत राहायचं. काही सेकंद काहीच होत नाही. मग कागदावर कुठंतरी एक डाग येतो. तो दाराच्या आतला अंधार. मग केस येतात, डोळ्यांची बुबुळं येतात. सगळ्यात गडद ते आधी, कारण तिथेच कागदावर जास्त उजेड पडलेला असतो. त्यानंतर कपाळावरच्या आठ्या, लुगड्याच्या निऱ्या, आणि अगदी शेवटी चेहऱ्यावरचा मंद करडा. मिनिटभरात ट्रेमध्ये माणूस उभा. तेवढ्यात वीज जाते. पण औषध आपलं काम थांबवत नाही, आणि वीज येईतो त्या माणसाचा कोळसा झालेला असतो. तसं होऊ नये म्हणून शेजारी हायपोचा, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधाचा, ट्रे अंधारातही हाताला लागेल असा ठेवावा, एवढा सल्ला अनुभवी लोक देतात.

पावसाळा आला की कॅमेऱ्याची परीक्षा. आमच्या हवेत चामड्याची चप्पल चार दिवसांत हिरवी होते, तिथे भिंग काय टिकणार? काचेवर आतून बुरशीचं बारीक जाळं पसरतं आणि पुढचे सगळे फोटो धुक्यात काढल्यागत येतात. म्हणून जाणकार कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतात. अडाणी लोक तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि मग तांदळात कॅमेरा सापडला म्हणून घरात दोन दिवस बोलणी होतात.

आणि तरीही काळ्यापांढऱ्याचा खरा हंगाम पावसाळाच. डोंगर ढगात जातो, लांबचा हिरवा आधी फिका आणि मग राखाडी होतो. जांभा भिजला की तांबडा राहत नाही, काळसर पडतो. चिखलात म्हैस, तिच्या पाठीवर बगळा: रंगीत कॅमेऱ्यालाही इथे दोनच रंग सापडतात. अडचण एकच. कॅमेऱ्याच्या मीटरला जग मध्यम करडं, 18 टक्के उजेड परतवणारं असावं असं वाटतं. नुसत्या म्हशीवर मीटर लावला तर तो म्हणतो, फार काळं आहे, उजळ करू. म्हैस करडी होते. नुसत्या बगळ्यावर लावला तर म्हणतो, फार पांढरं आहे, गडद करू. बगळाही करडा होतो. मीटरवर विश्वास ठेवला तर दोघांना एकमेकांपासून ओळखता येणार नाही. तेव्हा बगळ्यासाठी एक-दीड पायरी जास्त आणि म्हशीसाठी तेवढीच कमी, हे आपलं आपण करायचं. समतेचा इतका कडवा पुरस्कर्ता दुसऱ्या कुठल्या यंत्रात नसेल.

चुलीपाशीही रंगाचं फारसं काम नसतं. जुन्या स्वयंपाकघरात कौलांमध्ये एखादी काच बसवलेली असते. सकाळी तिच्यातून उजेडाचा खांब खाली येतो, चुलीच्या धुरात तो स्पष्ट दिसतो आणि त्याच्या टोकाशी भाकरी थापणारे हात असतात. या चित्रात रंग असेलच तर शेजारच्या प्लास्टिकच्या निळ्या बादलीचा. तो काढला की उजेड, धूर आणि हात एवढंच उरतं.

रघुबीर सिंग नावाचे मोठे छायाचित्रकार आयुष्यभर भारत रंगीतच काढत राहिले. 1998 च्या 'रिव्हर ऑफ कलर' या पुस्तकात त्यांनी ठासून मांडलं की आपला देश रंगातच बघतो, काळंपांढरं ही पश्चिमेची दृष्टी. सावर्ड्यातल्या आत्या आणि रघुबीर सिंग यांची कधी भेट झाली नाही, पण दोघांचं एकमत आहे. आणि माझं मत विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर आहेत. ज्या वस्तूचा प्राणच रंगात आहे तिचा रंग काढणं हा आडमुठेपणा. जास्वंद, हापूस, शिमग्याची पालखी आणि लग्नातला शालू यांच्या वाटेला काळ्यापांढऱ्यानं जाऊ नये. पण जिथं रंग नुसता गर्दी करतो, तिथं त्याला थोडा वेळ बाहेर बसवलं तर काही बिघडत नाही. फणस, पाऊस, दगडी देऊळ, म्हैस आणि म्हातारी माणसं यांना काळंपांढरं शोभतं.

राहता राहिली भिंत. त्या भिंतीवरचे आजोबा इतकी वर्षं टिकले ते पुण्याईनं नव्हे. तो फोटो नीट हायपोत बुडवून, नीट धुतलेल्या चांदीच्या कागदावर होता म्हणून. आपल्या फोनमधले हजारो रंगीत फोटो फोन पाण्यात पडेपर्यंतचे. तेव्हा वाचकहो, या छंदाला लागलात तर एवढं करा: आत्यांचा काळापांढरा फोटो काढा, कागदावर छापून घ्या आणि त्या चहा पिताहेत तोवर त्यांच्या हातात द्या. "काळी दिसतेय" म्हणून नावं त्या ठेवतीलच. ठेवू द्या. पुढच्या पिढीचा भ्रम तरी जाईल की काळ्यापांढऱ्यातली माणसं फक्त वरच असतात.